मुंब्रा : एका वस्तीचा जमाखर्च

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास लिहायला बसलेला लेखक बहुधा बहामनींपासून सुरुवात करतो. निजामशाही आणि आदिलशाहीत तो बराच काळ रमतो आणि मग एकदम १९४७ वर, नाहीतर १९९२ वर येऊन थांबतो. राजे-सुलतान, लढाया आणि दंगली यांच्या मधल्या काळात साधा मुसलमान कुठे राहिला, किती भाडे देत होता, त्याने घर कधी बदलले आणि का बदलले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. पण समाज खऱ्या अर्थाने बदलतो तो घर बदलल्यामुळेच. घर बदलले की मुलांची शाळा बदलते, शेजार बदलतो, बोलण्याची भाषा बदलते, मुलीचे स्थळ कुठून येणार तेही बदलते.

गेल्या चाळीसेक वर्षांत मुंबईच्या मुसलमानांच्या आयुष्यात जे सर्वांत मोठे स्थित्यंतर झाले, ते या अर्थाचे आहे. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडी बाजार इथली हजारो कुटुंबे खोल्या सोडून उपनगरात गेली. कोणी मीरा रोडच्या नयानगरात गेले, कोणी मुंब्रा-कौशात. आम्ही मुंब्र्याचेच उदाहरण घेतो. उपनगरात आपल्याच लोकांच्या वस्तीत राहण्याचे फायदे आणि तोटे दोन्ही तिथे ठळक दिसतात. मुंब्र्यावर बाहेरचे लोक 'मिनी पाकिस्तान' असा शिक्का मारतात आणि आतले लोक 'अमन की बस्ती' म्हणून गौरव करतात. या दोन्ही बोलण्यांत इतिहास नाही. तो थोडा मागे जाऊन पाहायला हवा.

भीतीतून जन्मलेली उपनगरे

आपल्या लोकांनी एकत्र येऊन शहराबाहेर वसाहत करायची, ही कल्पना मुसलमानांनी काढलेली नाही. मुंबईत ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्याही मुळाशी भीतीच होती. ती भीती होती रोगाची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांत माणसे पटापट मेली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडे नवी वस्ती वसवायची, हे त्याचे काम. ट्रस्टची पहिली योजना होती नागपाड्याची. नव्वद-पंचाण्णव वर्षांनी ज्या भागातून लोक मुंब्र्याला निघाले, त्याच भागावर शहर सुधारण्याचा पहिला हातोडा पडला होता. पाडलेल्या घरांतल्या गरिबांना नवी घरे किती मिळाली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

याच ट्रस्टने दादर-माटुंग्याची योजना आखली. दादरची पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी तिच्यातूनच उभ्या राहिल्या. पारशी कॉलनीमागे मंचरजी जोशी यांची धडपड होती. त्याआधी १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. रावबहादूर तल्मकी तिचे प्रवर्तक. वांद्र्याला कॅथलिक लोकांनीही अशीच सहकारी वसाहत केली. या सगळ्या वसाहती एकेका जातीच्या किंवा धर्माच्या होत्या, पण त्यांना कोणी 'घेट्टो' म्हटले नाही. अलीकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की, एखादी सहकारी संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवू शकते. म्हणजे आपल्या माणसांत राहण्याची इच्छा जुनीही आहे आणि कायदेशीरही आहे.

मग दादर आणि मुंब्रा यांत फरक कोणता? आमच्या मते फरक क्रमाचा आहे. दादरला आधी रस्ता झाला, आधी गटार झाले, मैदानाची जागा राखली गेली, दोन इमारतींत अंतर किती आणि इमारतीची उंची किती ते ठरले. घर त्यानंतर उभे राहिले. मुंब्र्याला आधी घर उभे राहिले, आणि रस्ता, गटार, पाणी, मैदान यांसाठी माणसे पुढची कित्येक वर्षे अर्ज करत राहिली. मुंब्र्याचे बहुतेक सुख-दुःख या एका उलट्या क्रमातून आले आहे.

डोंगर, खाडी आणि रेल्वे

मुंब्रा हे काही ओसाड माळरान नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगराला वळसा घालत कल्याणला पोचली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि गाव, अशी मुंब्र्याची रचना आहे. डोंगरावर मुंब्रादेवीचे देऊळ आहे. शेजारच्या कौसा गावात कोकणी मुसलमानांची जुनी घरे आणि आजूबाजूच्या गावांत आगरी समाज. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने या जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांची वेगळी नोंद घेतली आहे. हे लोक शेती, मीठ, गवत आणि होड्यांवर जगणारे. घरात त्यांची बोली मराठीच होती. तेव्हा मुंब्र्याला मराठी कोणी बाहेरून आणावी लागली नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९१६ मध्ये पारसिकचा मोठा बोगदा खुला झाला आणि जलद गाड्या डोंगराच्या पोटातून थेट दिव्याकडे जाऊ लागल्या. मुंब्रा धीम्या मार्गावर राहिले. जवळजवळ शंभर वर्षे मुंबई-कल्याणच्या जलद गाड्या मुंब्र्याचे तोंडही न पाहता गेल्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि कळवा-मुंब्रा तिच्या हद्दीत आले. कागदावर गावाचे शहर झाले, पण शहराला लागते ते काहीच तयार नव्हते.

लोक का आले

सगळे दंगलीमुळे आले, असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. १९९२ च्या आधीच मुंबईतली खोली माणसांना पुरेनाशी झाली होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुने भाडे गोठले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि खोली हातोहात जायची ती पागडीवर. दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या. मुलाचे लग्न ठरले की पोटमाळा घालायचा, दुसऱ्याचे ठरले की पडदा लावायचा. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातले पगार बंद झाले, त्याची झळ मदनपुऱ्यातल्या कामगारांनाही बसली. पागडीची खोली विकून येणाऱ्या पैशात मुंब्र्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळत होते. १९८० च्या दशकात पहिली कुटुंबे आली ती या हिशोबाने. कौशात आधीपासून मशीद आणि कब्रस्तान होते. नव्या जागी मय्यत कुठे न्यायची, हा प्रश्न नव्हता. घर घेणाऱ्या मुसलमानाच्या मनात हा प्रश्न असतोच.

मे १९८४ मध्ये भिवंडीची दंगल झाली आणि तिचे लोण मुंबई-ठाण्यापर्यंत आले. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार या दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. पण वस्त्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने मृतांच्या आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यानंतर झालेली घरांची अदलाबदल. संमिश्र चाळींतले मुसलमान मुसलमानांच्या वस्तीकडे गेले, मुसलमान वस्तीतले हिंदू हिंदूंच्या वस्तीकडे गेले. अनेकांनी मिळेल त्या भावात घर विकले. हिशोब करून येणाऱ्यांच्या जागी आता रात्रीची झोप मागत येणारे आले. मागणी एकदम वाढली, बिल्डर तयार होते आणि परवानगी पाहायला कोणालाच सवड नव्हती.

जमेची बाजू

जमेच्या बाजूला सर्वांत वर आम्ही निर्धास्त झोप लिहू. ज्याला ती कधी गमवावी लागली नाही त्याला तिची किंमत कळणार नाही.

दुसरी नोंद घरातल्या संडासाची. हे वाचून कोणी हसेल, पण चाळीतल्या सामाईक संडासापुढे पहाटे अंधारात रांग लावलेल्या बायकांना विचारा. बंद दाराचे घर, वेगळे स्वयंपाकघर आणि मुलाला अभ्यासाला एक कोपरा, एवढ्याने एका पिढीचे आयुष्य बदलले.

तिसरी नोंद मुलींची आहे. शाळा पायी जाण्याइतकी जवळ, वाटेत सगळे ओळखीचे, त्यामुळे सातवीनंतर मुलीला घरी बसवण्याचे जुने कारण उरले नाही. मुली दहावी, बारावी, पुढे डी.एड., बी.एड. करू लागल्या. 'आवाज-ए-निस्वान' या महिला संघटनेने इथे 'रहनुमा' हे मुलींचे वाचनालय काढले. २०१२ मध्ये 'परचम' या गटाने मुंब्र्यातल्या मुलींचा फुटबॉल संघ उभा केला. त्यात मुसलमान आणि हिंदू दोन्ही मुली होत्या आणि मुलींसाठी मैदान राखून ठेवावे, अशी मागणी घेऊन त्या लोकप्रतिनिधींकडे गेल्या. मुंब्र्याच्या इतिहासात ही घटना लिहिली जायला हवी.

चौथी नोंद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या मुंबईत मुसलमानांचेही मोहल्ले बिरादरीप्रमाणे वेगवेगळे होते. मदनपुऱ्यात मोमीन, इकडे मेमन, तिकडे बोहरी, पलीकडे कोकणी. मुंब्र्याला बिल्डरने बिरादरी विचारली नाही, रक्कम विचारली. त्यामुळे एकाच जिन्यावर रत्नागिरीचे, आझमगढचे, मराठवाड्याचे आणि बिहारचे कुटुंब आले. मसलकांचे वाद मिटलेले नाहीत, पण ईदची शीरखुर्म्याची वाटी जिन्यावर वर-खाली फिरते आणि सोयरीक बिरादरीबाहेर होऊ लागली आहे. मुसलमानांत जात नाही, असे आपण म्हणत आलो. प्रत्यक्षात ती थोडी सैल झाली ती अशा जिन्यांवर.

खर्चाची बाजू

आता खर्च. पहिला खर्च रोजच्या प्रवासाचा. घर मुंब्र्याला आले, पण दुकान मोहम्मद अली रोडवर, कारखाना मदनपुऱ्यात आणि नोकरी फोर्टातच राहिली. रेल्वेने सुमारे ४० किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे. बाप मुले उठण्याआधी निघतो आणि मुले झोपल्यावर येतो. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तरी गर्दी राहिलीच. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरलेल्या लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी दगावले. स्वस्त घराची उरलेली किंमत अशी रोज दारात लटकून फेडली जाते.

दुसरा खर्च कागदांचा. इमारतीला मंजुरी नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्र नाही. ते नाही म्हणून सोसायटीची नोंदणी अडते, जमीन मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर राहते आणि बँक कर्ज देत नाही. व्याज नको म्हणून काहींनी बँकेची पायरी स्वतःहून टाळली, हेही खरे. मग बायकोचे दागिने, गावची जमीन, भावाकडची उसनवारी, आणि व्यवहार रोखीत. १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्याने घर घेणाऱ्याला बरेच हक्क दिले आहेत, पण हातात पावतीच नसेल तर कायदा काय करणार? ४ एप्रिल २०१३ रोजी जवळच्या शीळफाट्याला परवानगीशिवाय बांधली जाणारी सात मजल्यांची इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. वर मजला चढत होता आणि खाली माणसे राहत होती. घराची गरज किती आंधळी होऊ शकते आणि तिच्यावर धंदा किती निर्दयपणे होऊ शकतो, हे त्या दिवशी दिसले.

तिसरा खर्च पत्त्याचा. २००६ मध्ये सच्चर समितीने स्पष्ट लिहिले की, असुरक्षिततेमुळे मुसलमान एका जागी गोळा होतात आणि एका जागी गोळा झाले की पाणी, वीज, शाळा, दवाखाने, बँका देताना यंत्रणांना त्या जागेकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते. काही बँकांनी अशा वस्त्या 'निगेटिव्ह झोन' ठरवल्याची नोंदही त्या अहवालात आहे. म्हणजे भीतीने माणूस एकत्र येतो आणि एकत्र आला म्हणून पुन्हा संशयाला पात्र होतो. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना मुंब्र्याऐवजी नुसते 'ठाणे' लिहिणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

शेजार गेला, भाषा गेली

चौथा खर्च आम्हाला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो रोज आमच्यासमोर बाकावर बसलेला असतो. आम्ही इथल्या मुलांना उर्दू माध्यमातून शिकवतो. मराठी हा त्यांचा विषय आहे, आणि २०२० च्या कायद्याने तर ती सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली. मुले मराठीत नापास होतात असे नाही. गाइड पाठ करून गुण मिळवतात. पण 'माझा शेजारी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर वर्गातल्या बहुतेक मुलांच्या निबंधात शेजारी असतो 'जोशीकाका'. तो बागेला पाणी घालतो, गणपतीत मोदक देतो. हे जोशीकाका मुलांनी पाहिलेले नाहीत. ते गाइडमध्ये राहतात.

आम्ही एकदा आठवीच्या मुलांना विचारले, शाळेबाहेर तुमच्याशी शेवटचे मराठी कोण बोलले? उत्तरे आली : तिकीट तपासनीस, पोलीस, रेशन कार्यालयातला कारकून, सरकारी दवाखान्यातली बाई. म्हणजे मराठी ही कागद मागणाऱ्यांची भाषा झाली. या मुलांच्या आजोबांना मराठी येत होती. गिरणीत शेजारच्या मागावर साताऱ्याचा माणूस होता, त्याच्याशी भांडता-भांडता आणि डबा वाटून खाता-खाता ती आली होती. त्यांना मराठी शेजाराने शिकवली, नातवाला ती परीक्षेने शिकवावी लागते आहे.

याहून वाईट गोष्ट कौशातल्या जुन्या कोकणी घरांत घडते आहे. तिथली आजी 'मी जातंय, तू येतंस का' अशा बोलीत बोलते आणि नातू उर्दूत उत्तर देतो. आजूबाजूला उर्दू बोलणारे वाढले, शाळा उर्दू, मशिदीतले बयान उर्दू. मराठी बोलणारा मुसलमान म्हणजे कमी शिकलेला, अशी एक विचित्र समजूत पसरली. उर्दू आमची रोजीरोटी आहे आणि आमचे प्रेमही. पण उर्दूच्या नावावर घरातली मराठी मोडीत काढणे हे काही उर्दूवरचे प्रेम नव्हे. या वस्तीची मूळ बोलीच मराठी आहे, ती बाहेरून लादलेली नाही.

हा खर्च एकाच बाजूला पडलेला नाही. दादर-डोंबिवलीच्या मुलालाही मुसलमान शेजारी उरलेला नाही. त्याच्या माहितीतला मुसलमान टीव्हीवर राहतो, जसे आमच्या मुलांचे जोशीकाका गाइडमध्ये राहतात. दोघेही एकमेकांना न भेटता मोठे होतात आणि मतदार होतात.

बाकी किती?

जमाखर्च मांडला की बाकी काढावी लागते. 'मुसलमानांनी वेगळे राहू नये' हा उपदेश आम्हाला मान्य नाही. ज्या शहरात नाव ऐकून घर नाकारले जाते, तिथे हा उपदेश आधी घर नाकारणाऱ्याला करायला हवा. त्याचबरोबर 'आपण आपल्यात सुखी आहोत' हे समाधानही आम्हाला मान्य नाही. आपल्यात राहण्याने झोप दिली, संडास दिला, मुलींना शाळा दिली. हे सगळे लोकांनी स्वतः कमावले. गटार, पाणी, मंजुरी आणि मैदान हे देणे नगरपालिकेचे आणि सरकारचे होते. प्लेगनंतर दादरला जे आधी दिले गेले, ते दंगलीनंतर मुंब्र्याला मागूनही नीट दिले गेले नाही. ही थकबाकी आहे आणि ती मागत राहिली पाहिजे. सोसायटीची नोंदणी, इमारतीची तपासणी, जमिनीचे हस्तांतरण यांसाठी मशिदीच्या वर्गणीइतक्याच तळमळीने लोक एकत्र आले, तर कागदांचा खर्च बराच कमी होईल.

भाषेची आणि शेजाराची थकबाकी मात्र काही अंशी आपल्याच खाती आहे. उर्दू शाळेने जवळच्या मराठी शाळेशी मिळून खेळाचे सामने घ्यावेत, वाचनालयात दोन्ही भाषांची पुस्तके एका कपाटात असावीत, मुलांनी कौशातल्या आजींकडून जुन्या गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. याला निधी लागत नाही, सरकारी आदेशही लागत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी ते करून दाखवले आहे.

आणखी एक काम लिहिणाऱ्यांचे आहे. मुंब्र्याला आलेली पहिली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या ट्रंकेत पागडीच्या पावत्या आहेत, स्टँप पेपरवरचे करारनामे आहेत, रेल्वेचे जुने पास आहेत. हे कागद रद्दीत जाण्याआधी आणि ही माणसे कब्रस्तानात जाण्याआधी त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यायला हवे, आणि ते मराठीत लिहायला हवे. उर्दूत लिहिले तर आपल्यातच वाचले जाईल. मराठीत लिहिले, तर ज्यांना आमचा पत्ता ऐकून नुसता शिक्काच आठवतो, त्यांच्यापर्यंत आमचा जमाखर्च पोचेल.